कोपऱ्यातलं पान

जुनी सिस्टिम रोज सकाळी सांगायची
की माझा कॉम्प्युटर आता तिच्या लायकीचा राहिला नाही.
सभ्य निळी चौकट, खाली दोन बटणं :
नवा घ्या. नंतर आठवण करा.
दोन वर्षं मी नंतर, नंतर म्हणत राहिले.

मग क्लाइपेदा बंदरात क्रेन चालवणारा माझा भाचा
एइमांतास, काळ्या पावाच्या पुडक्यासोबत
एक पेनड्राइव्ह घेऊन आला.
म्हणाला, मावशी, हे फारसं कुणी वापरत नाही.
वापरणारे सगळे मिळून
खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर
एका रविवारी सहज मावतील, टॉवेल पसरून.
नाव काय?
हायकू.
मग छोटंच असणार, मी म्हटलं.

सुरू होताना फिकट चित्रं एकेक करून उजळली,
पियानोचं झाकण उघडल्यावर
मी एकेक पट्टी दाबत जाते तशी.
आणि कॉफी ओतायच्या आत संपलंसुद्धा.
पूर्वी एवढ्यात माझी न्याहारी व्हायची.

प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर पिवळी चिठ्ठी,
नावापुरतीच रुंद,
औषधाच्या बाटलीवर असते तशी.
वर कोपऱ्यात एक पान. झाडाचं.
परवलीचा शब्द विचारला नाही.
मी कोण, तेही विचारलं नाही.
या घरात एकच माणूस राहतं
हे त्याला कुणी सांगितलं?

बोटांना मात्र कळेना.
कॉपी करायला करंगळी सवयीनं कोपऱ्यात धावायची,
इथं ते काम अंगठ्याचं.
शिकाऊ पोरांना मी हेच तर ओरडते :
अंगठा खालून घे, खालून!
माझ्या नावातला टिंबवाला ए दोन दिवस सापडला नाही.
दोन बिलं मी टिंबाशिवायच पाठवली,
जणू टोपी विसरून घराबाहेर पडले.

बँकेचं पान इथं उघडत नाही.
झाडाचं तेवढं उघडतं.
पैशांसाठी महिन्यातून एकदा भाच्याकडे जाते,
त्याची बायको बीटाचं सूप वाढते,
म्हणजे तोटा असा नाहीच.

आवाज आला नाही.
एइमांतास रात्री अकरापर्यंत काळ्या खिडकीत
काहीबाही टाइप करत बसला,
मान चोळत म्हणाला, हा तुकडा त्याला ओळखता येत नाही.
स्वर लावून पोट भरणारी बाई मी,
आणि टेबलावर मुकं यंत्र!
तो हसला नाही. त्याला वाईट वाटलं होतं.

तो गेल्यावर मी पियानोंची यादी काढली.
इथं फाइलला मनात येईल ते बांधता येतं :
घर, मजला, शेवटचा हात कधी लागला,
कुत्रं चावतं का.
विचारलं, दोन वर्षांत कुणाकडे गेले नाही?
सात नावं आली.
त्यातल्या वृद्ध बिरूतेला सकाळी फोन केला.
विकला म्हणाली, जिना चढवत नाही आता,
तर तो कशाला वर ठेवू?
मी तिची फाइल पुसली
आणि उघड्या खिडकीतली ओळ आपोआप वर सरकली,
कुणी बाकावरून उठल्यावर
बाकीचे सरकून बसतात तशी.

मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
ना चौकट, ना आठवण, ना टिंगटिंग.
तेव्हा ऐकू आला
पंखा.
मी पिशवीतून काटा काढला, गुडघ्यावर आपटला,
दांडी टेबलाला टेकवली.
पंखा काट्यापेक्षा केसभर उतरलेला.
सहा वर्षं तो हाच एक स्वर धरून बसला असणार
आणि वरून सतत कुणीतरी बोलत होतं.

धूळ साचली असेल आत.
झाकण काढून पुसली तर स्वर चढेल बहुधा.
स्क्रू-ड्रायव्हर शोधून ठेवलाय.
बघू. या आठवड्यात तरी
मला तशी घाई नाही.